उरकुडा भाऊंशी हरलेला वाद

आमच्या घरी जेवताना गप्प बसायची पद्धत नव्हती. पानं मांडली, भाताची वाफ वर आली, की बाबा काहीतरी विषय काढत आणि माय तो खोडून काढे. बैलांना सरकी किती घालावी, उशिरा पिकणारं भारी धान किती बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांत, रोवावं, सुकवलेले झिंगे वांग्यात चांगले लागतात की अंबाडीत, विषय कुठलाही चाले. माय राजुऱ्याकडची, काळ्या मातीतली, जवारीच्या भाकरीवर वाढलेली. बाबा पोंभुर्ण्याच्या धानाच्या मुलखातले. माय हळू बोले, पण दोन-तीन घासांत बाबांना उत्तर सापडेनासं होई. मग ते हमखास म्हणत, "जवारी खाणाऱ्यांले धानाचं काय समजते?" हे वाक्य आलं की आम्ही भावंडं माना खाली घालून हसायचो, कारण बाबा हरले हे आम्हाला कळलेलं असे. माय त्यांच्या पानात आणखी एक वाढणी भात टाकायची आणि विषय तिथे संपायचा.

त्या वयात मला यात फक्त गंमत दिसायची. आता पन्नाशी ओलांडल्यावर, सरकारी कचेरीत इतकी वर्षं माणसांचे वाद ऐकून झाल्यावर, त्या ताटावरच्या वाक्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. पण मला इथे बाबांबद्दल लिहायचं नाही. त्यांनी मायच्या माहेराला नावं ठेवली ती घरात, आणि माय त्यावर हसू शकत होती. मी जे केलं ते चारचौघांत केलं आणि त्यावर कुणालाच हसता आलं नाही. ते मी आजवर बायकोलासुद्धा अर्धवटच सांगितलं आहे. या प्रकरणात ते पुरतं सांगायचं असं ठरवून बसलो आहे.

चांद्याच्या बोर्डिंगात चार वर्षं काढून मी मॅट्रिक झालो आणि घरी आलो. आलापल्लीला जंगलखात्यात कारकुनाची जागा निघणार होती, तिचा कागद येईपर्यंत घरी थांबायचं होतं. शाळेत मी वादविवादात पहिला यायचो. बाबांना त्याचा फार अभिमान. पाहुणे आले की ते मला बोलावून कुठल्याही विषयावर बोलायला लावत, आणि मी पण बोलायचो. मायने एकदाच म्हटलं, "बोलतो चांगला, आयकतो कवा?" मी ते ऐकलंच नाही.

गावाचं सगळं जगणं तलावावर होतं. वरच्या जंगलाचं पाणी एका लांब मातीच्या पाळीने अडवलेलं, आणि पाळीच्या आतल्या बाजूला पाण्यात उभा असलेला विटांचा बुरूज. त्याला तुडुम म्हणत. तुडुमाला एकाखाली एक अशी पाच भोकं, प्रत्येकाला लाकडी डाट, बुचासारखा. पाणी खाली गेलं की वरचं भोक उघडं पडायचं आणि त्याखालचा डाट काढावा लागायचा, म्हणजे पाणी पाटात उतरून बांध्यांना जाई. तलावात किती पाणी आहे असं कुणी विचारलं तर गावात उत्तर मिळे, "तीन भोकं हाय," नाहीतर "दोनच उरले." पाटाच्या तोंडाशी आमच्या आणि आणखी चार-पाच मोठ्या कास्तकारांच्या बांध्या होत्या. टोकाला लहान लोकांच्या, त्यात मासे धरणाऱ्या ढिवरांच्याही. पाणी कमी पडलं त्या वर्षी आधी टोकाला द्यायचं आणि मग मागे मागे येत तोंडाला, अशी जुनी रीत होती. तोंडाच्या बांध्यांनी आधी घेतलं तर टोकाला काहीच पोचत नाही, एवढाच त्यामागचा विचार. गावाचे जमीनदार, मालगुजार, होते तोवर तेच हुकूम द्यायचे. ते गेल्यावर गावाने पाळीवर बसून ठरवायचं असं सुरू झालं.

डाट काढायचं आणि बसवायचं काम उरकुडा भाऊंचं. ते ढिवर, साठीच्या आसपासचे, बुटके, छातीने रुंद. पाण्याखाली जाऊन ते हाताने चाचपून डाट काढायचे. त्याबद्दल कापणीला प्रत्येक घरून त्यांना धानाचा वाटा मिळे. त्यांची बायको आठवड्यातून एकदा आमच्या अंगणात मासे घेऊन यायची आणि माय सुपात तांदूळ घालून ते घ्यायची. दोघी तासभर बोलत बसत. त्यांच्या बोलण्याचा, मागच्या बाजूच्या मुसळाचा आणि चरून येणाऱ्या गायींच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा मिळून जो आवाज होई, तो मला अजून ऐकू येतो.

त्यांचा एक मुलगा होता, ऋषी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी चांद्याला असताना एका अतिवृष्टीत पाळ फुटायची वेळ आली. पाणी कमी करायला सगळी भोकं उघडली, आणि पाऊस थांबल्यावर खालचं भोक बंद करायला ऋषी उतरला. बाबांनीच त्याला हाक मारून बोलावलं होतं, कारण उरकुडा भाऊ तापाने पडले होते. ऋषी वर आला नाही. मला हे भावाच्या पत्रातून कळलं, तीन ओळींत.

मी घरी आलो त्या वर्षी आश्विनात पाऊस लवकर गेला. भारी धान पोटरीत आलं होतं, एक पाणी हवंच होतं, आणि तलावात शेवटचं एकच भोक उरलं होतं. पाळीवर बैठक बसली. आदल्या दोन दिवसांत मी पाळीची लांबी पावलांनी मोजली होती, तलावाची रुंदी अंदाजाने घेतली होती, आणि तुडुमाच्या भोकांवरून खोली काढली होती. एका कागदावर गुणाकार करून मी सिद्ध केलं होतं की उरलेलं पाणी तोंडाच्या बांध्यांना आधी दिलं तरी टोकाला पुरून उरतं, म्हणून जुन्या रितीची गरज नाही. बाबांना हा हिशोब अतिशय आवडला. का आवडला ते मला तेव्हाही समजत होतं.

मी उभा राहून बोललो. चांगलं बोललो. लोक माना हलवत होते. माझं झाल्यावर उरकुडा भाऊ बसल्या जागेवरूनच म्हणाले की पोरानं मेहनत केली, पण त्यानं गाळ पाणी म्हणून मोजला. मी म्हणालो, गाळ थोडाफार असतोच, तो मी धरला आहे. धरला नव्हता. ते म्हणाले, किती धरला? मी म्हणालो, वीतभर. त्यांनी विचारलं, तो वीतभर आहे हे कुणी पाहिलं? मी म्हणालो, तुडुम बांधलं तेव्हा तळ कुठे होता ते विटांवरून कळतं. ते म्हणाले, विटा बांधल्या तेव्हाचा तळ तेव्हा होता, मी आताचा विचारतो. त्यांचा आवाज चढत नव्हता. लहान मुलाला पोहायला शिकवताना धरतात तसं ते मला एकेका प्रश्नाने धरत होते, आणि मी हातपाय मारत होतो.

शेवटी ते म्हणाले, "वाद कायले पाह्यजे? बांबू घे, चाल माह्यासंग. तुडुमाच्या बुडाशी टाकून पाहू. वीतभरात विटंले लागला तं तू खरा."

दामा म्हणून एक होता, टोकाच्या बांधीवाला, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "चांद्याच्या शाळंत गाळ नाई शिकवत वाटते." पाळीवरचे सगळे हसले. आमच्या बाजूचेही हसले. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते.

त्या क्षणाबद्दल मी पुष्कळ वर्षं स्वतःशी खोटं बोललो आहे. माझं डोकं फिरलं, राग आला, कळलंच नाही, असं मी म्हणत आलो. तसं झालं नाही. बांबूचं नाव निघताच मला सगळं लख्ख कळलं होतं. म्हातारा बरोबर होता, माझा कागद चुकीचा होता, आणि बांबू पाण्यात गेला की हे पाच मिनिटांत सगळ्यांना दिसणार होतं. मला पटलं नसतं तर मी आणखी वाद घातला असता. पटलं म्हणूनच वाद घालायला काही उरलं नाही. मग मी जे उरलं होतं ते उचललं. आजवर त्यांना 'भाऊ' आणि 'तुमी' म्हणत आलो होतो, तेही त्या वाक्यात सोडलं.

मी म्हणालो, "तलाव तुले येवढा समजते, तं ऋषी कसा बुडाला?"

उरकुडा भाऊंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, जणू मी आणखी काही बोलणार आहे आणि ते ऐकून घ्यायचं आहे. मग खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि ते पाळीवरून उतरून निघून गेले. दामा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. बांबू कुणी आणला नाही. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "चला, ठरलं मंग," आणि ठरलं.

तीन दिवस तोंडाच्या बांध्यांना पाणी चाललं. डाट उरकुडा भाऊंनीच काढला. काम होतं ते त्यांनी केलं. चौथ्या दिवशी पाट टोकाकडे वळवला आणि दुपारपर्यंत तुडुमातून काळा चिखल यायला लागला, मग तोही थांबला. टोकाचं धान उभ्या उभ्या वाळलं. लोंब्या दिसत होत्या, हाताने दाबल्या तर आत दाणा नाही. आमच्या बांध्या मात्र पिवळ्या झाल्या, वाकल्या.

नव्या तांदळाचा पहिला भात आमच्याकडे देवापुढे ठेवून मग सगळे खातात. त्या दिवशी मायने सगळ्यांना वाढलं. बाबांनी नेहमीसारखा काहीतरी विषय काढला, तिने उत्तर दिलं नाही. बाबा उठून गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. विहिरीवर बायकांनी तिला सगळं सांगितलं होतं. उरकुडा भाऊंची बायको मासे घेऊन यायची बंद झाली होती.

"ऋषीले वर काढलं तवा मी पाळीवर होती," माय म्हणाली. "कमरेवरी गाळ होता त्याच्या अंगाले. पाय फसले म्हणून गेला तो. साऱ्या गावाले माईत हाय. त्याच्या बापानं येवढा वाद केला, पण हे नाई काढलं तोंडातून. आन् तू काढलं."

मला हे माहीत नव्हतं. भावाच्या तीन ओळींत ते नव्हतं. पाळीवर त्या दिवशी त्या बापाजवळ असं उत्तर होतं की ज्यापुढे माझा कागद फाटून गेला असता, आणि पोराच्या मरणावर वाद जिंकायचा नाही म्हणून त्याने ते वापरलं नाही. बांबू टाकून पाहू म्हणाला. मी त्याच मरणाचा दगड करून मारला. आणि त्यानंतर कुणी गाळाचं नाव घेतलं नाही, कारण गाळ म्हटलं की ऋषी म्हटल्यासारखं झालं असतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मी अशी बोलण्यातूनच बंद करून टाकली होती.

पुढे आणखी वाईट झालं. पाणी का पुरलं नाही याला काहीतरी कारण हवं होतं, आणि माझा हिशोब चुकला असं म्हणायला आमच्या बाजूचं कुणी तयार नव्हतं. हळूहळू एक बोलणं पसरलं की उरकुडानं मासे धरायला डाट ढिला ठेवून पाणी सोडून दिलं. कुणी सुरू केलं ते मला कळलं नाही. मी ते खोडलं नाही, एवढं कळतं. उन्हाळ्यात बोलणं निघालं की पुढच्या वर्षी तुडुमाचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं. म्हणजे वाटा जाणार, आणि त्याहून मोठं म्हणजे, पाण्याचा चोर हे नाव कायमचं लागणार.

तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. ते दारात जाळं विणत बसले होते. पायाच्या अंगठ्यात सूत अडकवून गाठी मारत होते. मी उभ्यानेच म्हणालो की माझं चुकलं, मला माफ करा. त्यांनी गाठ पुरी केली.

"चार माणसांत बोलला ना तू?" ते म्हणाले. "मंग माह्या घरी येऊन काऊन सांगून राह्यला?"

त्यांनी पुढची गाठ घातली.

"माफी मले नको. माह्या ऋषीचं नाव तू घेतलं, ते मी पाहून घेईन माह्या मनात. पाणी मी नाई सोडलं. गाळ होता. तुले माईत हाय का नाई?"

"माईत हाय, भाऊ."

"मंग ते सांग. जिथी बोलला, तिथी."

त्यांची बायको आतून आली, मला पाहिलं, आणि पुन्हा आत गेली. पाणी विचारलं नाही.

घरी परतताना मी ठरवलं. पण ठरवणं आणि करणं यांत चार महिने गेले. आलापल्लीचा कागद श्रावणात आला. रुजू व्हायला जायचं होतं. गेलो असतो तर कुणी नाव ठेवलं नसतं. मी साहेबांना पत्र लिहून दिवाळीपर्यंत मुदत मागितली. घरी कारण सांगितलं नाही. मायला कळलं असावं. ती त्या दिवसांत माझ्याशी पुन्हा थोडं थोडं बोलायला लागली होती.

एक मध्येच सांगतो. माझा मुलगा आता कॉलेजात आहे आणि माझ्याशी वाद घालतो. गेल्याच महिन्यात त्याने मला एका मुद्द्यावर पुरतं अडवलं, आणि त्याच्या मार्कांबद्दलचं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं. जिभेवर आलं याचा अर्थ त्याचं म्हणणं मला पटलं होतं. मी ते गिळलं. सगळ्या वेळी गिळलं आहे असं म्हणत नाही. दोनदा बायकोला आणि एकदा कचेरीतल्या हाताखालच्या माणसाला मी तसंच शब्दांनी मारलं आहे, आणि प्रत्येक वेळी तो दुसरा माणूस बरोबर होता.

पुढच्या आश्विनातही पाऊस मागे हटला. पुन्हा शेवटचं भोक, पुन्हा पाळीवर बैठक. बाबांनी दोन गोष्टी मांडल्या. पाणी मागच्यासारखंच तोंडाला आधी, आणि तुडुमाचं काम आता दुसऱ्याकडे. उरकुडा भाऊ कडेला बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी उठलो. वादविवादाला उठायचो तसं नाही. म्हणालो की मागच्या वर्षी माझा हिशोब खोटा होता. गाळ मी मोजलाच नव्हता, वीतभर म्हणालो ते तोंडाला आलं म्हणून. उरकुडा भाऊंनी पाणी सोडलं नाही, पाणी नव्हतंच. बांबूचं नाव निघालं तेव्हाच मला कळलं होतं की ते खरे आहेत, आणि कळलं म्हणून मी ऋषीचं नाव घेतलं. बाबांकडे बघण्याची हिंमत नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याऐवजी त्यांच्या पायांकडे बघत होतो. ते पाय उठले आणि थोडे दूर जाऊन, पाठ करून उभे राहिले.

"झालं?" उरकुडा भाऊंनी विचारलं.

"झालं."

"मंग चाल. बांबू टाकू."

मी म्हणालो, "आता कायले, भाऊ? तुमी खरे हाव, मी सांगतलं ना."

"तू सांगतलं म्हणून गाळ होत नाई," ते म्हणाले. "मागच्या साली तू सांगतलं म्हणून पाणी झालं नवतं. बांबू सांगन."

दामाने बांबू आणला. उरकुडा भाऊंनी मलाच पाण्यात उतरवलं, तुडुमाला धरून ते माझ्या शेजारी. पाणी छातीपर्यंत होतं, थंड. पायाखाली जे लागलं ते जमीन नव्हतं. पावलं आत जायला लागली आणि मी तुडुमाच्या विटा घट्ट धरल्या. त्यांनी माझा दंड पकडला. आम्ही दोघं कुणाबद्दल विचार करत होतो ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी बांबू सरळ धरून आधी गाळाला टेकवला आणि पाण्याच्या रेघेवर माझ्या अंगठ्याच्या नखाने खूण करवली. मग दाबला. बांबू जात राहिला. थांबला तेव्हा त्यांनी पाण्याच्या रेघेवर दुसरी खूण केली आणि तो उपसून वर दिला. दोन खुणांच्या मधला तुकडा पाळीवर सगळ्यांनी पाहिला.

दुरून, मागे न वळता, बाबांनी विचारलं, "किती?"

सगळ्यांनी उरकुडा भाऊंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"कमरेवरी हाय, बाबा," मी मोठ्याने म्हणालो. "सारा गाळ."

बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी खाली पडलेलं कुणाचं तरी फावडं उचललं आणि पाळ उतरून पाटाच्या कडेने चालू लागले. आमच्या पहिल्या बांधीशी थांबले, वाकले, आणि पाटाकडचं तिचं तोंड स्वतःच्या हाताने मातीने बुजवायला लागले.